टी सेल रिसेप्टर बदललेले उंदीर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला दोन प्रकारच्या लोकांकडून येतात. एक म्हणजे इथे बडोद्यात एमएस युनिव्हर्सिटीला बायोकेमिस्ट्री नाहीतर मायक्रोबायोलॉजी करणारी मुलं, ज्यांना सेमिनारला ओटी-१ उंदराचा पेपर मिळालेला असतो आणि सेमिनार परवावर आलेला असतो. दुसरे म्हणजे दांडिया बाजार-रावपुऱ्यातले आपले काका-काकू, ज्यांच्या भाचीला किंवा पुतण्याला कुठेतरी पीएचडी मिळालीय आणि "ती उंदरांवर काहीतरी करते" यापलीकडे घरात कोणालाच काही कळलेलं नसतं. प्रत्येकाला वेगळं टाइप करत बसण्यापेक्षा सगळं एका जागी टाकतेय. सुरुवातीचे प्रश्न सगळ्यांसाठी, ८ पासून पुढचे जास्त करून लॅबवाल्यांसाठी.

१. टी सेल रिसेप्टर म्हणजे नक्की काय, थोडक्यात सांगा ना.

टी सेल ही रक्तातली एक पांढरी पेशी, आणि समोर काय आहे हे तिला ज्याच्यामुळे कळतं तो तिच्या अंगावरचा रिसेप्टर. त्याच्या दोन साखळ्या असतात, अल्फा आणि बीटा (गॅमा-डेल्टावाल्या पेशीही असतात, त्या इथे सोडून देऊ). हा रिसेप्टर जंतूला थेट बघत नाही, दुसऱ्या एखाद्या पेशीने जंतूचा छोटासा तुकडा म्हणजे पेप्टाइड एमएचसी नावाच्या प्रोटीनवर मांडून ठेवलेला असतो तो बघतो, आणि तुकडा व एमएचसी दोन्ही जुळले तरच काम होतं. हे झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी १९७४ मध्ये दाखवलं, नोबेल मिळालं १९९६ मध्ये. प्रत्येक टी सेल थायमसमध्ये (छातीतली एक ग्रंथी) वाढताना स्वतःच्या जीनचे तुकडे कापून जोडून आपला वेगळा रिसेप्टर बनवते आणि ही कापाकापी रॅग नावाची प्रोटीन्स करतात. रॅग हे नाव लक्षात ठेवा, पुढे सतत येणार आहे. एका उंदराच्या प्लीहेत साधारण २० लाख वेगवेगळे रिसेप्टर असतात असा अंदाज आहे.

२. मग "बदललेला रिसेप्टर" म्हणजे काय बदललं? आणि उंदरात घालतात कसा?

बहुतेक वेळा रिसेप्टरची रचना बदललेली नसतेच, बदललेला असतो उंदीर. एखादी टी सेल घ्यायची जी नेमकं काय ओळखते हे आपल्याला माहीत आहे, तिचे अल्फा आणि बीटाचे आधीच जोडलेले जीन काढायचे, आणि फलित अंड्याच्या केंद्रकात बारीक सुईने सोडायचे. काही पिल्लांच्या जीनोममध्ये ते कुठेतरी जाऊन बसतात, कुठे आणि किती कॉप्या हे आपल्या हातात नसतं. मग शेपटीचं टोक घेऊन पीसीआर (म्हणजे जीन आहे का त्याची चाचणी), ज्या पिल्लात जीन आलाय त्याच्यापासून पुढची ओळ. हल्ली क्रिस्परने (जीन कापायची नेमकी कात्री) नेमक्या जागी, उंदराच्या स्वतःच्या रिसेप्टर जीनच्याच ठिकाणी नवा जीन बसवता येतो, आणि त्याचा फायदा काय ते प्रश्न १२ मध्ये. रिसेप्टरमध्येच एखादं अमिनो आम्ल बदलून पकड घट्ट-सैल करणं हा वेगळा प्रकार, तो प्रश्न ११ मध्ये.

३. साधा उंदीर असताना एवढी खटपट कशाला?

कारण साध्या उंदरात तुम्हाला हवी ती पेशी सापडतच नाही. एखाद्या ठराविक पेप्टाइडला ओळखणाऱ्या सीडी४ पेशी (टी सेलचा मदतनीस प्रकार) अख्ख्या उंदरात साधारण २० ते २०० असतात. नवरात्रात नवलखी मैदानावर रात्री बारा वाजता नुसतं नाव माहीत असलेला एक माणूस शोधायला जा, तसं. ट्रान्सजेनिक म्हणजे बाहेरचा जीन घातलेल्या उंदरात मैदानावरच्या जवळजवळ सगळ्यांनी एकाच रंगाचा एकाच डिझाइनचा केडिया घातलेला असतो, त्यामुळे आत आल्यापासून थकून बाहेर पडेपर्यंत कोण काय करतंय ते नीट बघता येतं. आज पुस्तकात थायमसमधली निवड, सहनशीलता (स्वतःच्या शरीरावर हल्ला न करणं), मेमरी पेशी (जुना जंतू लक्षात ठेवणाऱ्या) असं जे छापलेलं आहे त्यातला मोठा भाग याच उंदरांमधून आलाय.

४. बाहेरून रिसेप्टर घातला तर उंदराचे स्वतःचे रिसेप्टर कुठे जातात?

बीटाच्या बाबतीत सरळ उत्तर आहे, बनतच नाहीत. १९८८ मध्ये पहिल्यांदा तयार जोडलेला बीटा जीन उंदरात घातला तेव्हा दिसलं की एक चालू बीटा मिळाला की पेशी स्वतःचा बीटा जोडायचं काम बंद करते. अल्फाला मात्र एवढी शिस्त नाही, तो घरचा जीन जोडत राहतो, म्हणून अशा उंदरात काही पेशींवर दोन प्रकारचे रिसेप्टर येतात, एक आपण घातलेला आणि एक घातलेला बीटा अधिक घरचा अल्फा असा मिश्र. ही गळती लहान वाटते पण निम्मे घोळ इथूनच सुरू होतात, प्रश्न ८ आणि ९ बघा.

५. एचवाय उंदरात नर आणि मादी वेगळे का दिसतात? सेमिनारला हे नक्की विचारतात.

विचारणारच, कारण या क्षेत्रातला माझ्या मते सगळ्यात देखणा प्रयोग हाच आहे. १९८८ मध्ये बाझेलला किसिएलोव, फॉन ब्योमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा रिसेप्टर घातला जो एचवाय नावाचा अँटिजेन (म्हणजे रिसेप्टर ओळखतो ते लक्ष्य) ओळखतो, आणि हा अँटिजेन फक्त नरात असतो कारण त्याचा जीन वाय क्रोमोसोमवर आहे. म्हणजे बघा, तोच जीन, तीच जात, तोच पिंजरा, आणि मादीसाठी हा रिसेप्टर निरुपद्रवी तर नरासाठी स्वतःच्याच शरीरावर उलटणारा.

मादीच्या थायमसमध्ये या पेशी छान वाढल्या आणि मोठ्या संख्येने सीडी८ पेशी (टी सेलचा मारेकरी प्रकार) होऊन बाहेर पडल्या, कारण रिसेप्टर वर्ग-१च्या एमएचसीवर बसणारा होता. म्हणजे पेशी सीडी४ होणार की सीडी८ हे रिसेप्टर कुठल्या एमएचसीला धरतो त्यावर ठरतं, हे इथे समोर दिसलं. नराचं थायमस मात्र अगदी छोटं, सीडी४ आणि सीडी८ दोन्ही असलेल्या डबल पॉझिटिव्ह पेशी जवळपास साफ. स्वतःवर उलटू शकणाऱ्या पेशी शरीर थायमसमध्येच मारून टाकतं ही कल्पना तोपर्यंत बरीचशी तर्कावर उभी होती, इथे ती सरळ मोजता आली.

नराच्या रक्तात तरीही रिसेप्टर असलेल्या काही पेशी मिळतात, पण त्यांच्यावर सीडी८ खूप कमी असतं, त्यामुळे त्यांना अँटिजेन धड जाणवत नाही. मरण चुकवायचा हा एक मार्ग. या प्रयोगाला एक मोठी तळटीप आहे, ती प्रश्न १२ मध्ये, सेमिनारला ती पण सांगितलीत तर सर खूश होतील.

६. ओटी-१, ओटी-२, पी१४, डीओ११.१०... कुठला कशासाठी?

ओटी-१ म्हणजे सीडी८ पेशी, कोंबडीच्या अंड्यातल्या ओव्हाल्ब्युमिनचा २५७ ते २६४ हा तुकडा ओळखतात, ब्लॅक-६ जातीच्या लॅबमधल्या उंदरात, १९९४ पासून. ओटी-२ सीडी४ पेशी, त्याच प्रोटीनचा ३२३ ते ३३९ हा तुकडा. डीओ११.१० पण ओव्हाल्ब्युमिनवाल्याच सीडी४ पेशी पण बाल्ब-सी जातीत, त्यामुळे ब्लॅक-६ मध्ये टाकून उपयोग नाही, एमएचसी जुळत नाही. पी१४ एलसीएमव्ही विषाणूसाठी, सीडी८, इन्फेक्शनचं काम असेल तर हा उत्तम. मेंदूच्या आजारासाठी २डी२, डायबेटिससाठी बीडीसी२.५.

एक सापळा: ओटी-१ आणि ओटी-२ दोन्हींचे रिसेप्टर व्ही-अल्फा-२ आणि व्ही-बीटा-५ या एकाच प्रकारच्या साखळ्यांचे आहेत, त्यामुळे नुसत्या त्या दोन अँटिबॉडी लावून कुठला उंदीर कुठला ते कळत नाही. पिंजऱ्यावरची चिठ्ठी पडली असेल तर सीडी४-सीडी८ पण लावा.

७. हा उंदीर साध्या आजाराशी लढू शकतो का? आणि लॅबमधून सुटून मांडवीत आला तर? (हा प्रश्न खरंच आला होता.)

पहिल्या भागाचं उत्तर, ज्याच्यासाठी बनवलाय त्याच्याशी जोरदार लढतो, बाकीच्यांशी लंगडा. ओव्हाल्ब्युमिन बनवणारा लिस्टेरिया बॅक्टेरिया दिला तर ओटी-१ पेशी फटाफट वाढतात, पण ज्यात तो तुकडाच नाही असा जंतू आला तर त्यांना काही कळत नाही. आणि ओळखीच्या शत्रूसमोर पण एक धोका आहे. झिंकरनागेल यांच्या गटाने १९९० मध्ये दाखवलं की जवळपास सगळ्या टी सेल एकाच तुकड्यावर डोळा ठेवून असल्या की एलसीएमव्ही विषाणू तेवढाच तुकडा बदलतो आणि निसटतो. साध्या उंदरात दुसऱ्या तुकड्यांना ओळखणाऱ्या पेशी असतात म्हणून त्याला हे इतकं सोपं जात नाही. रॅग नसलेल्या ट्रान्सजेनिक उंदरात तर बी सेल पण नसतात (त्यांनाही रॅग लागतं), म्हणजे अँटिबॉडीही नाही, त्यांना गाळलेली हवा आणि निर्जंतुक खाणं-पाणी-भुसा लागतो.

यातच दुसऱ्या भागाचं उत्तर आलं. मांडवीत तो किती टिकेल सांगा. रिसेप्टर काही लागट रोग नाही, चावल्याने पसरत नाही. तरी सुटू देत नाहीत हो काकू, त्यासाठी कायदा आहे, प्रश्न १५.

८. माझ्या ओटी-१ उंदरात टेट्रामर (ठराविक रिसेप्टर ओळखायचं लेबल) न धरणाऱ्या टी सेल दिसतात. उंदीर खराब आला का?

नाही, बहुतेक तो रॅग असलेला आहे. प्रश्न ४ मधली अल्फाची गळती आठवा. घरचा अल्फा घातलेल्या बीटाशी जोडी जमवतो आणि टेट्रामरला न जुळणारा रिसेप्टर बनतो, उंदराचं वय वाढेल तशा या पेशी जास्त दिसायला लागतात. थांबवायचं असेल तर रॅग-१ किंवा रॅग-२ नॉकआउटशी (तो जीन बंद पाडलेला उंदीर) क्रॉस करा, मग घरचं काहीच जोडलं जात नाही. पण मग बी सेल जातात आणि टी-रेग पेशीही (इतर टी सेलना आवरणाऱ्या) जवळपास नाहीशा होतात, आणि "शुद्ध" उंदीर मिळाला या आनंदात लोक हे विसरतात. बी सेल हव्या असतील तर रॅगऐवजी टीसीआर-अल्फा नॉकआउटशी क्रॉस करा. पेपर वाचताना पण मेथड्समध्ये सगळ्यात आधी हेच शोधत जा, रॅग आहे की नाही.

९. स्वतःच्या शरीराला ओळखणारा रिसेप्टर घातला तर उंदीर आजारी पडायलाच हवा ना? मग कुठल्या पेपरात पडतो, कुठल्यात नाही, असं का?

या पानावरचा सगळ्यात चांगला प्रश्न. नुसता रिसेप्टर सांगून आजार सांगता येत नाही, आणखी दोन गोष्टी विचाराव्या लागतात, रॅग आहे का आणि पिंजरा किती स्वच्छ आहे.

मायलिन बेसिक प्रोटीन म्हणजे नसांच्या आवरणातलं एक प्रोटीन. ते ओळखणारा रिसेप्टर घातलेले उंदीर १९९३ मध्ये गोव्हरमन आणि सहकाऱ्यांनी बनवले. या उंदरांच्या टी सेल थायमसमध्ये मारल्या गेल्या नाहीत, बाहेर आल्या, आणि तरी ठराविक रोगजंतू नसलेल्या स्वच्छ खोलीत ठेवलेले उंदीर बहुतांशी ठणठणीत राहिले, साध्या खोलीत ठेवलेल्यांपैकी मात्र काहींना आपोआप लकवा यायला लागला. जीन तेच, खोली वेगळी.

पुढच्याच वर्षी टोनेगावा यांच्या लॅबमधून लाफाय आणि सहकाऱ्यांचा पेपर आला, तसाच रिसेप्टर पण दोन गट, एकात रॅग आहे आणि दुसऱ्यात नाही. रॅग असलेल्यांपैकी १४ टक्के आपोआप आजारी पडले, रॅग नसलेल्यांपैकी १०० टक्के. रॅग असलेल्या उंदरात घरचे रिसेप्टर असलेल्या मूठभर पेशी असतात, म्हणजे प्रश्न ८ मध्ये ज्यांना आपण कचरा समजत होतो त्याच, आणि त्यांच्यातल्याच काही सीडी४ पेशी हल्लेखोरांना आवरून धरतात. नंतर साध्या उंदराच्या सीडी४ पेशी रॅग नसलेल्या पिल्लांना दिल्या तर आजार टळतो हेही दाखवलं गेलं. आज त्यांना आपण टी-रेग म्हणतो.

स्वच्छतेचा मुद्दा २०११ मध्ये आणखी पुढे गेला, वेगळ्या एका मायलिनवाल्या रिसेप्टरचे उंदीर पूर्ण जंतुमुक्त वाढवले तर आजारी पडले नाहीत आणि आतड्यातले नेहमीचे बॅक्टेरिया दिल्यावर पडले. त्यामुळे "आमच्याकडे फेनोटाइप (म्हणजे अपेक्षित आजार) येत नाही" असं कोणी लिहिलं की मी पहिल्यांदा ॲनिमल हाउसबद्दलच विचारते.

१०. केआरएन उंदराची गोष्ट काय आहे? सर म्हणाले वाचा.

फ्रान्समध्ये गायीच्या रायबोन्यूक्लिएज या एन्झाइमला ओळखणारा रिसेप्टर घातलेला एक साधा उंदीर होता, सांध्यांशी काही संबंध नाही. तो एनओडी या डायबेटिस होणाऱ्या जातीशी क्रॉस केला आणि पिल्लांचे पाय महिनाभरात सुजले, चक्क आर्थ्रायटिस. १९९६ मध्ये हे छापलं. कारण असं निघालं की एनओडीच्या वेगळ्या एमएचसीवर हाच रिसेप्टर शरीरातल्याच ग्लुकोज-६-फॉस्फेट आयसोमरेजचा तुकडा ओळखतो, जे एन्झाइम प्रत्येक पेशीत साखर मोडायला असतं. टी सेल बी सेलना उठवतात, बी सेल अँटिबॉडी बनवतात, आणि पुढचं काम अँटिबॉडीच करते, इतकं की या उंदराचं सिरम टी आणि बी सेल नसलेल्या उंदराला दिलं तरी त्याचे सांधे सुजतात. सगळ्या शरीरात असलेल्या एन्झाइमविरुद्धची अँटिबॉडी आणि दुखणं मात्र सांध्यातच, हा भाग मला अजूनही भारी वाटतो. एक रिसेप्टर एकच गोष्ट ओळखतो हे शाळेतलं वाक्य इथे मोडतं.

११. रिसेप्टरची पकड जितकी घट्ट तितका रिस्पॉन्स चांगला, बरोबर?

चूक, निदान सरळ रेषेत तरी नाही. ओटी-१ साठी पेप्टाइडमधलं एकेक अमिनो आम्ल बदलून कमजोर-जोरदार तुकड्यांची अख्खी शिडी बनवलेली आहे. थायमसमध्ये पकडीची एक अगदी अरुंद सीमारेषा आहे, तिच्या खाली पेशी वाढते, जरा वर गेली की मरते. म्हणजे फार घट्ट पकडीचा रिसेप्टर जर शरीरातल्याच एखाद्या तुकड्याला धरत असेल तर ती पेशी थायमसमधून बाहेर येतच नाही. बाहेर रक्तात चित्र वेगळं, २००९ मध्ये दिसलं की इन्फेक्शनमध्ये अगदी कमजोर तुकड्याने पण ओटी-१ पेशी जाग्या होतात, वाढतात आणि मेमरीही बनवतात, फक्त लवकर थांबतात. जोरदार तुकडा वाढ जास्त दिवस चालू ठेवतो.

माणसात याची किंमत मोजावी लागली आहे. मेज-ए३ या कॅन्सर प्रोटीनविरुद्ध पकड मुद्दाम वाढवलेला रिसेप्टर टी सेलमध्ये घालून दिला तेव्हा दोन पेशंट हृदय बंद पडून गेले, २०१३ मध्ये ते छापून आलं. तो रिसेप्टर हृदयाच्या स्नायूतल्या टायटिन प्रोटीनच्या तुकड्यालाही धरत होता. आधीच्या चाचण्यांमध्ये हे दिसलं नव्हतं, स्टेम सेलपासून बनवलेल्या धडधडणाऱ्या हृदयपेशी वापरल्या तेव्हा दिसलं. साध्या उंदरात माणसाचं एमएचसी म्हणजे एचएलए नसतंच, मग तिथे ते दिसणार कसं.

१२. एचवायच्या प्रयोगाला तळटीप म्हणालात ती कुठली?

वेळेची. नॉर्मल पेशीत आधी बीटा येतो आणि अल्फा बराच नंतर, डबल पॉझिटिव्ह टप्प्यावर. घातलेला अल्फा आधीच जोडलेला असल्यामुळे तो फार लवकर, सीडी४-सीडी८ काहीच नसतानाच अंगावर येतो, आणि त्यामुळे निवड चुकीच्या टप्प्यावर होते आणि काही विचित्र पेशी बनतात ज्या साध्या उंदरात नसतात. २००५ मध्ये अल्फा योग्य वेळी चालू होईल असा एचवाय उंदीर केला, तेव्हा नरातही डबल पॉझिटिव्ह पेशी बऱ्यापैकी बनल्या आणि छाटणी त्यानंतर झाली. म्हणजे छाटणी होते हा निष्कर्ष टिकला, कधी होते हे बदललं. स्वतःच्या जागी बसवलेल्या जीनचा फायदा हाच, वेळ घरची राहते.

१३. ट्रान्सजेनिक उंदराच्या दहा लाख पेशी दुसऱ्या उंदरात ट्रान्सफर करा असं सगळे प्रोटोकॉल म्हणतात. करू?

कशासाठी, त्यावर आहे. दोन-तीन दिवसांत सीएफएसई (दर विभागणीला निम्मा होणारा रंग) पातळ होतंय का एवढंच बघायचं असेल तर करा. मेमरी बघायची असेल तर नका करू. टाकलेल्यातल्या ढोबळ दहा टक्के पेशी टिकतात असं धरलं तरी एक लाख झाल्या, आणि नॉर्मल उंदरात किती असतात ते प्रश्न ३ मध्ये वाचलंत. एवढी गर्दी झाली की त्या एकमेकींशीच अँटिजेनसाठी भांडतात, प्रत्येक पेशी कमी वाढते आणि कुठल्या प्रकारची मेमरी बनते तेही बदलतं. २००५ पासून हे वेगवेगळ्या गटांनी दाखवलेलं आहे. काही शे ते काही हजार टाका, शोधायला त्रास होईल, पण जे सापडेल ते खरं असेल. टाकलेल्या पेशी यजमानाच्या पेशींपासून वेगळ्या ओळखायला सीडी४५.१ आणि सीडी४५.२ या दोन खुणांचा फरक वापरा.

उलट तक्रारही येते, अँटिजेन दिलाच नाही तरी पेशी विभागल्या. यजमान कोण होता? रॅग नॉकआउट किंवा रेडिएशन दिलेला असेल तर रिकामी जागा बघूनच ओटी-१ विभागतात. एचवाय पेशी तसं फारसं करत नाहीत, त्यामुळे एका रिसेप्टरवरून सगळ्यांचा नियम काढू नका.

१४. हे म्हणजे ते मुंबईवालं कॅन्सरवरचं कार-टी का?

नाही, चुलत भावंडं. कार हा कृत्रिम रिसेप्टर, डोकं अँटिबॉडीचं, त्याला एमएचसी लागत नाही पण पेशीच्या बाहेर जे असतं तेवढंच दिसतं. आयआयटी बॉम्बे आणि टाटा मेमोरियलमधून आलेलं, २०२३ मध्ये मंजूर झालेलं नेक्सकार-१९ हे कार. टी सेल रिसेप्टरला पेशीच्या आतल्या प्रोटीनचे तुकडेही दिसतात, पण पेशंटचा एचएलए जुळायला लागतो. त्या प्रकारची एक थेरपी, सायनोव्हियल सार्कोमासाठी, अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर झाली. दोन्हींत पेशंटच्याच पेशी बाहेर काढून बदलतात, ट्रान्सजेनिक उंदरासारखं अंड्यात काही घालत नाहीत, त्यामुळे मुलाबाळांत उतरायचा प्रश्न नाही.

१५. बडोद्यात असं काम करायला काय लागतं?

संस्थेची नोंदणी सीसीएसईएकडे, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारच्या समितीकडे (जुन्या लोकांच्या तोंडी अजून सीपीसीएसईए), संस्थेच्या ॲनिमल एथिक्स कमिटीची मंजुरी, आणि ट्रान्सजेनिक म्हणून वेगळी बायोसेफ्टी कमिटी, वरती दिल्लीत आरसीजीएम (जनुकीय बदलांच्या कामांवर देखरेख करणारी सरकारी समिती). किती उंदीर आणि कमी का चालणार नाहीत हे लिहून द्यावं लागतं. आजारी पडणाऱ्या ओळी असतील, प्रश्न ९ मधल्या, तर कुठल्या टप्प्यावर प्रयोग थांबवून उंदराला वेदनेतून सोडवणार हे आधीच ठरवायचं, उंदीर खंगल्यावर नाही.

१६. मादी उंदरात टाकलेल्या ओटी-१ पेशी दोन-तीन आठवड्यांनी गायब झाल्या. अँटिजेन बरोबर, रॅग बरोबर, संख्या बरोबर.

पेशी नराच्या होत्या का? ब्लॅक-६ मादी नराच्या पेशींवरचा एचवाय परका समजते आणि हळूहळू त्या काढून टाकते, प्रश्न ५ मधलाच अँटिजेन. मादीच्या पेशी नरात टाकल्या तर चालतं, किंवा सरळ मादी ते मादी करा. पेशी मादीच्याच असतील तर सीडी४५.१ ची ओळ ब्लॅक-६ शी पूर्ण बॅकक्रॉस (पुन्हा पुन्हा क्रॉस करून एकसारखी) झालीय का ते बघा, उरलेसुरले फरकही तेवढेच पुरतात.